मुलीची तक्रार आणि आपली जबाबदारी

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील प्राध्यापक, तालुका पातळीवरील अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय चारचौघांत बोलावयाचा नसतो, असे आपण लहानपणापासून शिकत आलो आहोत. महाविद्यालयात व विद्यापीठात मुलींचा होणारा लैंगिक छळ कसा ओळखावा आणि तो लक्षात आल्यावर आपण काय करावे, हा तो विषय होय. समोर प्राचार्य आहेत, प्राध्यापक आहेत, पंचायत समितीचे अधिकारी आहेत, आणि मागील रांगांत सरपंच व ग्रामपंचायत सदस्य बसले आहेत. महाविद्यालयाच्या प्रश्नाशी गावच्या पंचांचा संबंध काय, असे कोणाच्या मनात आले असल्यास ते स्वाभाविक आहे. तो संबंध मी प्रथम सांगते.

नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० साली निघाले. लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झाले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला स्थापन झाले खरे. परंतु किनवट-माहूरच्या किंवा देगलूर-उदगीरच्या मुलीला ते दूरच होते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. विष्णुपुरीचा परिसर आणि लातूरचे उपकेंद्र यांमुळे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन या भागातील मुलींच्या आवाक्यात आले. आज भोकर, मुखेड, जळकोट, देवणी अशा तालुक्यांतून, वाड्या-तांड्यांवरून पदवीपर्यंत पोहोचणारी मुलगी पुष्कळदा त्या घरातील पहिलीच असते. ती एस. टी. ने ये-जा करते, किंवा वसतिगृहात राहते, किंवा लातूरला शिकवणीसाठी दोन खोल्यांत सहा जणी मिळून राहतात.

तिचे हे शिक्षण एका बारीक धाग्यावर टांगलेले असते. वडील कसेबसे तयार झालेले असतात, चुलत्यांचा विरोध असतो, आजी रोज लग्नाची आठवण करून देते. अशा स्थितीत महाविद्यालयात काही विपरीत घडले आणि ते घरी कळले, तर काय होईल हे मुलीला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. कॉलेज बंद होते आणि स्थळे पाहावयास सुरुवात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झाल्याचे आढळले. मराठवाड्यातील परभणी, बीड यांसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण याहून पुष्कळच अधिक होते. म्हणून ती बोलत नाही. तिच्या गप्प राहण्याचे कारण गावात आणि घरात आहे, आणि म्हणूनच पंचायत सदस्यांनी येथे असणे आवश्यक होते.

छळ कशाला म्हणावे?

आपल्याकडे या सर्व प्रकाराला ‘छेडछाड’ हा एक सोईस्कर शब्द आहे. या शब्दाने फार नुकसान केले आहे असे माझे मत आहे. त्यात खेळकरपणा आहे, वयाचा दोष आहे, आणि ऐकणाऱ्याला हसून सोडून देण्याची मुभा आहे. कायद्याने वापरलेला शब्द ‘लैंगिक छळ’ हा आहे. २०१३ च्या कायद्यात, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमात, त्याची व्याख्या दिली आहे. नको असलेला स्पर्श वा शारीरिक जवळीक, लैंगिक सुखाची मागणी, लैंगिक आशयाचे बोलणे, अश्लील चित्रे वा चित्रफिती दाखविणे, आणि या स्वरूपाचे कोणतेही नकोसे वर्तन, मग ते शब्दांनी असो वा खुणांनी, हे सर्व तिच्यात येते. व्याख्येचा कणा ‘नकोसे’ या शब्दात आहे. करणाऱ्याचा हेतू काय होता, तो थट्टा करीत होता की काय, हा पुढचा प्रश्न. ते वर्तन तिला नकोसे होते काय, हा पहिला.

स्पर्श झालाच पाहिजे असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली स्पष्ट केले आहे. निर्यातदारांच्या एका परिषदेतील वरिष्ठ अधिकाऱ्याने महिला कर्मचाऱ्याशी गैरवर्तन केले होते. प्रत्यक्ष स्पर्श घडला नाही या कारणावरून उच्च न्यायालयाने त्यास सवलत दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून बडतर्फी कायम केली.

विद्यापीठात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण येथे एका माणसाच्या हाती दुसऱ्याचे भवितव्य असते. प्रात्यक्षिकाच्या जर्नलवर सही कोणाची? अंतर्गत गुण कोण देतो? तोंडी परीक्षेला समोर कोण बसतो? पीएच.डी. च्या विद्यार्थिनीचा मार्गदर्शक तर चार-पाच वर्षे तिचा सर्वेसर्वा असतो. अहवालावर त्याची सही नसेल तर तिची शिष्यवृत्तीही अडते. असा मनुष्य सायंकाळी उशिरा विभागात थांबावयास सांगतो, रात्री अकरा वाजता मोबाईलवर ‘झोपलीस का?’ असे विचारतो, परगावच्या परिषदेला एकत्र जाण्याचा आग्रह धरतो, तेव्हा त्याने धमकी दिलेली नसते. ती देण्याची त्याला गरजच नसते. गुण वाढविण्याचे सूचित आमिष, गुण कमी होण्याची सूचित भीती, आणि जेथे वावरणेच असह्य व्हावे असे वातावरण निर्माण करणे, या तिन्ही गोष्टी कायद्याने छळातच मोडतात.

शरीराशी संबंध नसलेला, केवळ स्त्री म्हणून होणारा अपमानही असतो. ‘तुम्हाला पदवी घेऊन शेवटी भाकरीच थापायच्या आहेत’ हे वाक्य वर्गात हशा पिकविण्यासाठी उच्चारले जाते. ज्या मुलाचे चालणे-बोलणे इतरांसारखे नाही, त्याची वसतिगृहात रोज विटंबना होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने या विषयावरील आपले विनियम २ मे २०१६ रोजी अधिसूचित केले. त्यांत मुख्यतः स्त्रियांचा विचार असला तरी काही विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थी हेही अशा छळाला बळी पडतात हे मान्य केले आहे. आवाराची व्याख्याही व्यापक आहे. वसतिगृह, सहल, क्षेत्रभेट, महाविद्यालयाची बस, या सर्व ठिकाणी संस्थेची जबाबदारी पोहोचते. बाहेरच्या व्यक्तीने आवारात छळ केल्यास त्याचीही दखल संस्थेने घ्यावयाची आहे.

मग ओळखावयाचे कसे? मुलगी येऊन ‘माझा लैंगिक छळ होत आहे’ असे म्हणत नाही. अनेक वर्षे शिकविल्यानंतर मला असे दिसले की, ती प्रथम काही तरी सोडते. एखाद्या विषयाचे प्रात्यक्षिक सोडते, ग्रंथालय सोडते, नेहमीची बस सोडून दोन तास उशिराची बस धरते. मार्गदर्शक बदलून मागते आणि कारण विचारले तर ‘विषय जमत नाही’ असे सांगते. माझ्या एका वर्गातील हुशार मुलगी रसायनशास्त्र सोडून मराठीकडे गेली. मी भाषेची शिक्षिका, मला आनंदच झाला! खरे कारण मला तिच्या लग्नानंतर काही वर्षांनी कळले. तेव्हा कोणी विचारलेच नाही, आणि न विचारणाऱ्यांत मीही होते.

येथे एक जुना खटला सांगणे आवश्यक वाटते, कारण तो आपल्याच राज्यातील आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, आता गडचिरोलीत असलेल्या देसाईगंज येथे मार्च १९७२ मध्ये पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याची तक्रार झाली. ‘मथुरा खटला’ या नावाने तो ओळखला जातो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, यावरून संमतीचा अर्थ काढला गेला. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या तर्काला आव्हान दिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत अंतर आहे, हा त्यांचा मुद्दा होता. देशभर चळवळ झाली आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पोलिसाच्या जागी मार्गदर्शक ठेवा आणि ठाण्याच्या जागी विभागातील बंद खोली. ‘तिने तेव्हाच का नाही सांगितले?’ हा प्रश्न आजही चौकशी समित्यांमध्ये विचारला जातो.

जिला ती प्रथम सांगते

समितीकडे जाण्यापूर्वी मुलगी कोणाला तरी सांगते. बहुधा मैत्रिणीला, क्वचित एखाद्या बाईंना, वसतिगृहाच्या रेक्टरना किंवा प्रयोगशाळेतील मावशींना. ही पहिली दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. त्या वेळी उलटतपासणी घेऊ नये. ‘तू त्यांच्या गाडीवर बसलीसच कशाला?’ असे विचारू नये. ज्याचे नाव ती घेते त्याला तेथल्या तेथे बोलावून समोरासमोर करू नये. असे करणारे सद्‌हेतूने करतात, पण त्यानंतर मुलगी पुन्हा तोंड उघडत नाही. ती सज्ञान असेल तर तिला न विचारता घरी फोन करू नये. ती अठरा वर्षांच्या आतील असेल, तर प्रकरण निराळे आहे. अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या अनेक मुली सतरा वर्षांच्या असतात हे प्राध्यापकांनी ध्यानात ठेवावे. त्यांना २०१२ चा बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा, ज्याला सर्व जण पोक्सो म्हणतात, लागू होतो. अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हाच गुन्हा आहे.

ऐकून घेतल्यावर तारीख, वार, स्थळ, कोण उपस्थित होते, एवढे तिच्या शब्दांत कागदावर उतरवून घ्यावे. मोबाईलवरील संदेश लाजेने किंवा संतापाने पुसून टाकले जातात; ते जपून ठेवण्यास सांगावे. ही साधी गोष्ट पुढे फार उपयोगी पडते. तक्रार लेखी हवी असते, आणि जिला लिहिणे शक्य नाही तिला त्यासाठी साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. घटनेपासून, आणि घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत तक्रार करावयाची असते. योग्य कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

समिती आणि तिचे काम

अंतर्गत समितीची कल्पना राजस्थानातील भंवरीदेवी या साथीनच्या प्रकरणातून पुढे आली. बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या या शासकीय कार्यकर्तीवर १९९२ साली सामूहिक अत्याचार झाला, आणि त्यानंतर विशाखा व इतर संघटनांनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती कागदावरच राहतात हे पाहून पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाकडे दाद मागितली. त्यावर २००४ मध्ये समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानावा असे ठरले, आणि २०१२ मध्ये पुन्हा सविस्तर आदेश झाले. पुढच्या वर्षी संसदेने कायदा केला. तो ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला.

आयोगाच्या विनियमांप्रमाणे समितीच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला प्राध्यापक असावी. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि बाहेरील स्वयंसेवी संस्थेची एक व्यक्ती असावी. तक्रार विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर पदवी, पदव्युत्तर व संशोधन या स्तरांवरून निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरील व्यक्तींना सदस्य होता येत नाही. प्राचार्यांनी स्वतःच अध्यक्ष होऊन समिती ‘आपल्या हातात’ ठेवण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती नियमाविरुद्ध आहे, हे येथे उपस्थित असलेल्या प्राचार्यांची क्षमा मागून सांगते.

चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करावयाची असते. तोपर्यंत मुलीने त्याच वर्गात, त्याच प्रयोगशाळेत त्या माणसासमोर बसावे काय? नाही. समितीच्या शिफारशीवरून तिचे गुण देण्याचे, परीक्षा घेण्याचे व अहवाल लिहिण्याचे काम त्याच्याकडून काढून घेता येते. माझ्या अनुभवाने, मुलींना सर्वांत जास्त धीर या एका तरतुदीने येतो, कारण तक्रार केली की नापास होणार ही त्यांची पहिली भीती असते.

आता गोव्याचे एक प्रकरण. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने काही आठवड्यांत अठरा बैठका घेतल्या, त्याला म्हणणे मांडण्यास पुरेसा अवधी न देता अहवाल दिला, आणि त्यास बडतर्फ करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. परंतु १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक न्यायाचे उल्लंघन झाल्याच्या कारणावरून ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठविले. तक्रारीनंतर चौदा वर्षांनी! मुलींना न्याय देण्याच्या उतावीळपणाने मुलींचेच अधिक नुकसान केले, अशा आशयाचे निरीक्षण न्यायालयाने नोंदविले. समितीच्या सदस्यांनी हे प्रकरण विसरू नये. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्या व्यक्तीला द्यावी, त्याचे उत्तर घ्यावे, साक्षीदारांना विचारू द्यावे, प्रत्येक बैठकीचे टिपण ठेवावे. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यानेच सांगितले आहे. खोट्या तक्रारींची भीती मला प्रत्येक सभेत ऐकवली जाते. दाबल्या गेलेल्या तक्रारींविषयी मात्र मला अद्याप कोणी विचारलेले नाही.

तक्रार खुद्द संस्थेच्या अध्यक्षाविरुद्ध असेल तर? आपल्या भागात शिक्षणसंस्था, साखर कारखाना आणि तालुक्याचे राजकारण ही पुष्कळदा एकाच घरातील माणसे पाहतात. तेव्हा हा प्रश्न काल्पनिक नाही. मालकाविरुद्धची तक्रार, तसेच दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. लातूरमधील लहान शिकवणी वर्गांबाबत ही तरतूद फार महत्त्वाची आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या वर्गचालकांना स्वतःची समिती नेमावीच लागते. याशिवाय पोलिसांकडे जाण्याचा तिचा हक्क कोणतीही समिती हिरावून घेऊ शकत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७५ लैंगिक छळाला आणि कलम ७८ पाठलागाला लागू आहे. मुलगी अनुसूचित जाती वा जमातीची असेल आणि छळणारा तसा नसेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही पाहावा लागतो.

गावची बैठक

आता पंच मंडळींकडे वळते. असे प्रकरण गावात पोहोचले की दोन गोष्टी होतात. एक तर ते दोन घरांचे, मग दोन भावक्यांचे, मग दोन जातींचे भांडण बनते. मुलीचे नाव मागे पडते आणि कोणाची माणसे अधिक हा प्रश्न पुढे येतो. दुसरे म्हणजे मारुतीच्या पारावर किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या बैठकीत ते ‘मिटविले’ जाते. काही रक्कम ठरते, मुलाकडून माफी मागविली जाते, आणि मुलीचे कॉलेज बंद करण्याचा सल्ला दिला जातो. यातील एकही गोष्ट कायद्याला मान्य नाही. समितीसमोर समेट होऊ शकतो, पण केवळ तक्रार करणाऱ्या स्त्रीने स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या आधारावर कधीही नाही. गुन्हा गंभीर असेल तर तो मिटविण्याचा अधिकार गावाला नाही. आणि तिचे नाव-गाव उघड करणे हाही दंडनीय प्रकार आहे. ग्रामसभेत तिच्या नावाने चर्चा करणाऱ्याला हे लागू पडते.

मी एका समितीवर बाहेरील सदस्य म्हणून होते, तेव्हाची गोष्ट. गाव आणि संस्था सांगत नाही. तक्रार करणाऱ्या मुलीचे वडील दोन दिवस कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे होते. तिला घेऊन जावयासच ते आले होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गावच्या एक महिला सदस्य, वयाने पन्नाशीच्या, सही जेमतेम करणाऱ्या, त्यांच्याबरोबर आल्या. त्या समितीसमोर काही बोलल्या नाहीत. बाहेर झाडाखाली बसून त्या वडिलांना एवढेच म्हणाल्या, ‘दादा, चोरी झाली म्हणून आपण घर सोडतो का? परीक्षा होऊ द्या.’ परीक्षा झाली. चौकशीही पूर्ण झाली आणि त्या गृहस्थांना संस्थेने काढून टाकले. ती मुलगी आज एका जिल्हा परिषद शाळेत शिकविते. त्या बाईंनी वडिलांना थोपवले नसते तर आमची समिती रिकाम्या खुर्चीसमोर बसली असती.

सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींनाच कोंडणे, हा आपला आणखी एक आवडता उपाय. वसतिगृहाचे फाटक सात वाजता बंद, मोबाईल काढून घेणे, ग्रंथालयात सायंकाळी बंदी. मुलींवरची पहारेदारी हा सुरक्षिततेचा मार्ग नव्हे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१३ च्या ‘सक्षम’ अहवालात स्पष्टपणे म्हटले आहे. दिवा नसलेला रस्ता, शेवटच्या बसची अनिश्चित वेळ, कडी नसलेले स्वच्छतागृह, या गोष्टींकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. थांब्यावरचा दिवा ग्रामपंचायतीच्या हातातला आहे.

एक शेवटची गोष्ट अधिकारी वर्गासाठी. कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक जिल्हा अधिकारी आणि प्रत्येक तालुक्यात तक्रार स्वीकारणारा समन्वय अधिकारी नेमावयाचा आहे. त्याने तक्रार सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवावी. सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी या नेमणुकांसाठी पुन्हा मुदती घालून दिल्या. नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके आहेत, लातूर जिल्ह्यात दहा. आपल्या तालुक्यातील या अधिकाऱ्याचे नाव येथे किती जणांना सांगता येईल? मघाशी चहाच्या वेळी मी सात जणांना विचारले. दोघांनी माझ्या वहीत नाव लिहून दिले, तिघांनी उद्या विचारून कळवितो म्हणून सांगितले, आणि दोघे हसले.

समितीच्या सदस्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. गेल्या महिन्यात एका महाविद्यालयात मी तो फलक शोधला. तो कार्यालयातील कपाटामागे होता, आणि त्यावरील अध्यक्षा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या होत्या. तो फलक मुलींच्या सभागृहाबाहेर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ आणि वसतिगृहाच्या जिन्याशी लावावा, असे मी तेथील प्राचार्यांना सुचविले. त्यांनी तो त्याच दुपारी लावला. आता आपले प्रश्न असतील ते विचारावेत. ज्यांना सर्वांसमोर विचारणे अवघड वाटत असेल त्यांनी चिठ्ठी पाठवावी, नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.